गटप्रमुखांच्या मासिक प्रशिक्षण बैठकीचे वर्षभराचे नियोजन कसे करावे?

प्रश्न (समन्वयक, खानापूर तालुका)

नमस्कार. खानापूर तालुक्यात आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत आमचे वीस-बावीस बालगट व किशोरगट चालतात. दर रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात, देवळाच्या ओवरीत किंवा वाचनालयात आठ ते सोळा वर्षांची मुले दोन तास जमतात आणि एक-दोन स्वयंसेवक त्यांचे खेळ, गाणी, गोष्टी, हस्तकला, परिसरभ्रमंती असे उपक्रम घेतात. हे गटप्रमुख कोणतेही मानधन घेत नाहीत. त्यांच्यात शिक्षक आहेत, उद्यमबागेतील फौंड्रीत पाळीने काम करणारे तरुण आहेत, अंगणवाडी सेविका आहेत आणि पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलीही आहेत.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही गटप्रमुखांसाठी निवासी शिबिर घेतो. त्यातून माणसे उत्साहाने परततात, परंतु पावसाळा सुरू झाला की तो उत्साह ओसरू लागतो आणि गणपतीपर्यंत बहुतेक गटांत तेच ते चार खेळ आणि त्याच त्या दोन गोष्टी उरतात. यात गटप्रमुखांना दोष देता येणार नाही. शिबिरात तीन दिवसांत दिलेले साहित्य वर्षभर पुरेल ही अपेक्षाच अवाजवी आहे. म्हणून यंदा जूनपासून दर महिन्याला एक प्रशिक्षण बैठक घेण्याचे आम्ही ठरवले आहे. मासिक बैठका पूर्वीही होत असत, पण त्यांत मागील इतिवृत्ताचे वाचन, वर्गणीची आठवण आणि आगामी मेळाव्याच्या सूचना यांतच दीड तास जात असे, आणि लांबून आलेला गटप्रमुख हळूहळू येईनासा होत असे.

अशा बैठकीचा अनुभव असलेल्या सभासदांनी सांगावे की बैठक किती वेळाची असावी, तिच्यात नेमके काय घ्यावे, कोणता दिवस धरावा, आणि ती एकाच ठिकाणी घ्यावी की फिरती ठेवावी. वर्षाचे विषय आधीच ठरवावेत की दर महिन्याला गटप्रमुखांना विचारून ठरवावेत, याबद्दलही आमच्यात दोन मते आहेत.

उत्तर (निवृत्त शिक्षक, निपाणी)

दिवस आणि ठिकाण यांबद्दल इतर सभासद माझ्यापेक्षा अधिक नेमके सांगतील. मी शाळेत असताना स्काउट पथकाचे काम पाहत असे आणि आजही नव्या शिक्षकांना त्या कामात मदत करतो, त्यामुळे बैठकीत काय व्हावे एवढ्यावरच लिहितो. माझ्या मते बैठका बहुधा तिथेच मोडतात.

मासिक बैठकीला एकच कसोटी लावावी. घरी परतणाऱ्या गटप्रमुखाकडे पुढच्या चार रविवारांपैकी निदान दोन रविवारांचा कार्यक्रम तयार आहे का, हे पाहावे. आणि तो छापील कागदावर नव्हे, स्वतः करून पाहिलेला असावा. खेळ शिकवायचा असेल तर गटप्रमुखांनी तो मैदानात उतरून खेळावा. गोष्ट सांगायची असेल तर एकाने सांगावी, इतरांनी मुलांच्या जागी बसून ऐकावी, आणि मुले कुठे कंटाळतील ते नंतर मोकळेपणाने सांगावे. स्काउट चळवळीत प्रौढांचे प्रशिक्षण पहिल्यापासून याच पद्धतीने होत आले आहे. 1919 साली इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे पथकनायकांचा पहिला वुड बॅज वर्ग (स्काउट पथक चालवणाऱ्या प्रौढांचा प्रशिक्षणवर्ग) झाला, तेव्हाही प्रौढ माणसांना मुलांप्रमाणे टोळ्यांमध्ये विभागून, तंबूत ठेवून, त्यांच्याकडून सर्व कामे करून घेण्यात आली होती. टोळीपद्धतीवर व्याख्यान ऐकलेला मनुष्य आणि सहा-आठ जणांच्या टोळीत राहून कामाची वाटणी अनुभवलेला मनुष्य, या दोघांच्या गटात फार फरक पडतो.

बैठकीला अडीच तास पुरतात. त्याहून अधिक वेळ मागू नये. आपल्याकडे बस वेगवेगळ्या वेळी पोचतात, म्हणून ठरलेल्या वेळेपूर्वी अर्धा तास एक टेबल मांडून ठेवावे आणि लवकर आलेल्यांना तिथे हाताला काम द्यावे. दीड-दोन मीटरच्या सुती दोऱ्या ठेवून रीफ नॉट, क्लोव्ह हिच आणि बोलाइन या तीन गाठींचा सराव ठेवला तरी पुरे. अमेरिकेतील स्काउट चळवळीत या मासिक बैठकीला राउंडटेबल म्हणतात आणि तिथेही औपचारिक सुरुवातीपूर्वी असा एक मोकळा भाग ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे वेळेवर येणाऱ्याला ताटकळावे लागत नाही, आणि उशिरा येणाऱ्यामुळे मुख्य विषयही खोळंबत नाही. त्यानंतर एक खेळ घ्यावा व लगेच मुख्य विषयाकडे वळावे. मुख्य विषयाला तासभर द्यावा, आणि पुढचा पाऊण तास वयोगटानुसार वेगळे बसावे, कारण आठ वर्षांच्या मुलांना नकाशावाचन शिकवण्याची रीत आणि पंधरा वर्षांच्या मुलांना ते शिकवण्याची रीत यांत काहीच साम्य नसते. लहान मुलांच्या गटात खेळाचा कालावधी दहा मिनिटांपलीकडे नेऊ नये. मोठ्यांना मात्र एकच उपक्रम महिनाभर पुरवून घेता येतो.

सूचना शेवटी घ्याव्यात आणि त्यांना दहा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. जे व्हॉट्सॲपवर कळवता येते ते बैठकीत वाचून दाखवू नये. हा नियम अध्यक्षांनाही लागू करावा लागतो, आणि तो लागू करणे हेच समन्वयकाचे सर्वांत अवघड काम असते.

विषयांबाबत आपल्यातील दोन्ही मतांना जागा देता येईल. बारा विषयांची यादी मे महिन्यातच करावी, पण प्रत्येक विषयाची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. म्हणजे जूनच्या बैठकीत ऑगस्टच्या विषयाबद्दल गटप्रमुखांच्या अडचणी विचारून घ्याव्यात. ऋतूप्रमाणे विषय ठेवले तर साहित्य आपोआप मिळते. पावसाळ्यात ओवरीत किंवा वर्गखोलीत बसून करण्याचे खेळ, कागदकाम आणि गोष्टी घ्याव्यात. ऑक्टोबरनंतर गावाचा नकाशा, झाडांची ओळख, होकायंत्र आणि तारे हे विषय चांगले जमतात. थंडीत एक दिवसाची सहल, चूल मांडणे, स्वयंपाक आणि शिबिराची तयारी घ्यावी.

प्रथमोपचाराचा विषय मात्र पावसाळ्यापूर्वीच व्हावा. खानापूर भागात सर्पदंशाची माहिती प्रत्येक गटप्रमुखाला असलीच पाहिजे. दंश झालेल्याला धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये, जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात शक्य तितक्या लवकर न्यावे. हृदय बंद पडलेल्या प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. हा वेग आणि ही खोली कागदावरून समजत नाही, त्यासाठी शिकवणारा परिचारक आणि सरावाचा पुतळाच हवा. जलसंजीवनीचे पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याने मोजण्याचे प्रमाण प्रत्येकाकडून स्वतः करवून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. नामांकित वक्ता बोलावण्याचा मोह आवरावा. बाहेरचा तज्ज्ञ अर्ध्या तासापुरता असावा; उरलेला वेळ ज्या गटप्रमुखाने तो उपक्रम आपल्या गावात यशस्वी केला आहे त्याला द्यावा. वक्त्याचे ऐकून लोक टाळ्या वाजवतात, पण शेजारच्या गावच्या गटप्रमुखाचे ऐकून ते प्रश्न विचारतात.

उत्तर (महाविद्यालयीन अध्यापिका, बेळगाव)

सरांनी बैठकीच्या आतील भागाबद्दल लिहिले आहे. मी दिवस, प्रवास आणि सुरक्षितता यांबद्दल लिहिते, कारण आमच्या मुलींच्या गटांच्या बैठका याच तीन गोष्टींवर अवलंबून असतात.

शनिवारी सकाळची शाळा असल्यामुळे शिक्षकांना शनिवारची दुपार सोयीची वाटते, परंतु कारखान्यात काम करणाऱ्यांना ती मिळत नाही. म्हणून आम्ही महिन्याचा दुसरा रविवार कायमचा ठरवून टाकला आणि त्या रविवारी सर्व गटांना सुटी दिली. गट आणि बैठक एकाच दिवशी घेण्याचा आग्रह धरला तर गटप्रमुख दोन्हीकडे दमलेल्या अवस्थेत पोचतो. महिन्याला एक रविवार गट भरत नाही याची मुलांना आणि पालकांना लवकरच सवय होते.

वर्षाचा आराखडा करताना आपल्या भागातील काही तारखा आधीच खोडून ठेवाव्यात. बेळगावात वैशाखातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असते आणि त्या आठवड्यात तरुण कार्यकर्ता दुसरीकडे कुठेही सापडत नाही. गणेशोत्सवाचेही तसेच. 1 नोव्हेंबरच्या आसपास शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि सीमाभागातील मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेधफेरी यांमुळे बंदोबस्त असतो, म्हणून त्याला लागून येणारा रविवार टाळावा. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णविधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असते. त्या दिवसांत सभागृहे आणि लॉज मिळणे कठीण होते, शहराबाहेरची शाळा गाठणे बरे. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेमुळे शिक्षक मोकळे नसतात. शिवाय चंदगड किंवा गडहिंग्लजकडील गट आपल्या बैठकीला येत असतील तर एक फरक लक्षात ठेवावा लागतो. आपल्याकडे कर्नाटकात शाळा जूनच्या आरंभालाच सुरू होतात आणि मोठी सुटी दसऱ्याला मिळते. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि सुटी दिवाळीत असते. दोन्हीकडच्या शिक्षकांना एकत्र आणायचे असेल तर ऑक्टोबरच्या सुटीवर भरवसा ठेवून चालत नाही.

प्रवासाबाबत सांगायचे तर 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातील महिलांना साधारण बसचा प्रवास विनामूल्य झाला आणि गटप्रमुख ताईंच्या उपस्थितीचा आर्थिक अडसर बराच कमी झाला. ही सवलत कर्नाटकातील रहिवासी महिलांना आणि राज्यांतर्गत प्रवासालाच आहे, त्यामुळे सीमेपलीकडून येणाऱ्या ताईंच्या तिकिटाची तरतूद वेगळी करावी लागेल. आणि तरुण मुलांच्या खिशातून दरमहा जाणारे भाडेही विसरू नये. लोंढा, खानापूर, रायबाग, कुडची अशा मार्गावरच्या गटप्रमुखांना मिरज-लोंढा रेल्वेमार्ग सोयीचा आहे, तर निपाणी आणि संकेश्वर ही गावे केवळ महामार्गावर अवलंबून आहेत. ठिकाण ठरवताना नकाशावरचे मध्यवर्ती गाव शोधण्यापेक्षा, जिथून संध्याकाळी सर्वांना घरी पोचता येईल असे गाव शोधावे. आमच्या बैठका अकराला सुरू होऊन दीडला संपतात आणि जेवणाची शिदोरी प्रत्येकीने आणायची असते; चहा आणि चिरमुऱ्यांचा चिवडा यजमान गटाकडे असतो. यजमानांवर जेवणाचा भार टाकला की फिरती बैठक बंद पडायला वेळ लागत नाही.

शेवटचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानते. वर्षाच्या पहिल्या बैठकीत बालसुरक्षा हा विषय असावा आणि नव्याने आलेल्या प्रत्येक गटप्रमुखाने तो ऐकल्याशिवाय गट हाती घेऊ नये. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, आणि लैंगिक अत्याचार घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. स्वयंसेवकही त्यातून सुटत नाही. न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. गावातील प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून प्रकरण मिटवण्याची वृत्ती आपल्याकडे आजही आहे, म्हणून हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक गटाच्या वहीवर लिहिलेला असावा. कोणताही प्रौढ एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, आणि सहलीला किमान दोन प्रौढ असतील व सहलीत मुली असल्यास त्या प्रौढांत एक महिला असेल, हे दोन नियम गटप्रमुखाच्या चारित्र्यावरचा संशय म्हणून घेऊ नयेत. त्याचेही संरक्षण त्यातच आहे.

उत्तर (गटप्रमुख, कणकुंबी परिसर)

वरील दोन्ही उत्तरांतील बहुतेक सूचना पटतात, परंतु बारा महिने बारा बैठका हा आग्रह आमच्याकडे चालणार नाही. जून ते ऑगस्ट या काळात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस इतका असतो की रस्त्यावर झाड पडले तर बस दिवसभर येत नाही. त्यातच भातरोपांची लावण सुरू असते आणि घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. भीमगडच्या जंगलालगतच्या वाड्यांमधून संध्याकाळनंतर पायी येणे गवे आणि अस्वले यांमुळे धोक्याचे आहे. मोबाइलला संपर्क मिळेल याचीही खात्री नाही, म्हणून ऑनलाइन बैठक हा पर्याय आम्हाला गृहीत धरू नये.

आमची सूचना अशी आहे की पावसाळ्यात मोठी बैठक बंद ठेवावी आणि जवळजवळच्या तीन-चार गावांतील गटप्रमुखांनी कोणाच्या तरी सोप्यात बसावे. समन्वयकांनी मे महिन्यातच या तीन बैठकांचे साहित्य, म्हणजे खेळांचे कागद, गोष्टी, कागदकामाचे नमुने, एका पिशवीत घालून द्यावे. अधिकारी मंडळींपैकी कोणी आलेच पाहिजे असे नाही. न येणाऱ्यांची अनुपस्थिती मांडून नंतर खुलासा मागण्याची पद्धत मात्र बंद व्हावी. स्वयंसेवकाला खुलासा मागणे शोभत नाही.

समन्वयक

सर्वांचा आभारी आहे. पावसाळ्यातील तीन बैठका गावसमूहांकडे सोपवण्याची सूचना आम्ही स्वीकारतो. हजेरीबद्दलची टीकाही रास्त आहे. त्यामुळे मोठ्या बैठका नऊ होतील आणि त्यांचा दुसरा रविवार ठरेल. सप्टेंबरमध्ये गणपती आल्यास तेवढा महिना तारीख बदलू. पावसापाण्याची अडचण कणकुंबीप्रमाणे दुसऱ्या टोकालाही आहे, कारण दूधगंगा-वेदगंगेचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली गेले की चिकोडी-निपाणीकडील मंडळींचेही येणे थांबते.

दोन शंका उरतात. दहा वर्षे गट चालवणारे आणि या वर्षी आलेले, असे दोघेही एकाच बैठकीत असतील तर जुने कंटाळतात आणि नवे बुजतात. दुसरे म्हणजे काही गटांत आता कन्नड भाषक मुले येऊ लागली आहेत आणि दोन-तीन गटप्रमुखही कन्नड भाषक आहेत. त्यांच्यासाठी बैठक कोणत्या भाषेत घ्यावी?

उत्तर (ग्रंथालय कार्यकर्ता, चिकोडी)

आमच्याकडे दोन्ही भाषांची मुले एकाच अंगणात खेळतात, त्यामुळे या प्रश्नाचा निकाल व्यवहाराने लागला आहे. बैठक मराठीत चालते, कारण बहुतेकांना ती कळते. परंतु खेळाचे नियम, सुरक्षिततेच्या सूचना आणि पालकांना द्यायचे संमतीपत्र एवढ्या तीन गोष्टी दोन्ही भाषांत तयार असतात. संमतीपत्र तर असलेच पाहिजे. पालकाने न वाचता केलेल्या सहीला सहलीत अपघात झाल्यावर काही अर्थ उरत नाही. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांना कन्नड वाचता येते, म्हणून हे भाषांतर आम्ही मोठ्या मुलांकडून करून घेतो आणि कन्नड शिक्षकांकडून तपासून घेतो. कन्नड भाषक गटप्रमुखाने आपला उपक्रम कन्नडमध्ये घेऊन दाखवावा आणि इतरांनी मुलांसारखा तो खेळावा, असे एकदा केले की भाषेबद्दलचा संकोच राहत नाही. या भागात भाषेचा विषय निघाला की वातावरण लवकर तापते, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांच्या गटाची बैठक ही त्या वादाची जागा नव्हे, एवढे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

जुन्या-नव्यांबद्दल सांगायचे तर प्रत्येक नव्या गटप्रमुखाला शेजारच्या गावातील एक जुना सोबती नेमून द्यावा. वयोगटानुसार बसण्याच्या पाऊण तासात नव्यांनी उपक्रम घेऊन दाखवावा आणि जुन्यांनी तो पाहावा. जुन्यांना दरवेळी शिकवायला लावले तर तेही थकतात, आणि त्यांच्या शिकवण्यात जुनेपणा येतो. त्याऐवजी वर्षातून दोनदा त्यांची स्वतंत्र बैठक घ्यावी. तीत वयात येणाऱ्या मुलांचे प्रश्न, मोबाइलचे व्यसन, मध्येच शाळा सोडणारी मुले, ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबाबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांचा गटाशी संबंध कसा टिकवावा, असे अवघड विषय ठेवावेत. या विषयांना तासभर पुरत नाही आणि नव्या गटप्रमुखाला ते पहिल्याच वर्षी पेलत नाहीत.

उत्तर (निवृत्त शिक्षक, निपाणी)

चिकोडीच्या सभासदांच्या सूचनेला एक पुस्ती जोडतो. प्रत्येक बैठकीनंतर पंधरा दिवसांनी समन्वयकांनी तीन-चार गटप्रमुखांना फोन करून एवढेच विचारावे की बैठकीत केलेला उपक्रम गटात घेतला का, आणि घेतला असल्यास मुलांनी त्यात काय बदलले. ही उत्तरे एका वहीत लिहून ठेवावीत. ज्या विषयाला सलग चौघांकडून "अजून घेतला नाही" असे उत्तर येईल तो पुढच्या वर्षीच्या यादीतून काढावा किंवा दुसऱ्या रीतीने मांडावा. कणकुंबीसारख्या गावांना फोन लागणार नाही. तिथे समन्वयकांनी पावसाळा संपल्यावर एखाद्या रविवारी स्वतः गट पाहायला जावे, आणि कळवून जावे.